नाव एकच, माणसं दोन: पूर्वजाच्या परस्परविरोधी नोंदी कशा सोडवायच्या

पणजोबांचा शोध घेणारे बहुतेक जण एकाच जागी अडकतात. कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) ‘रामा तुका’, मुलाच्या शाळेच्या रजिस्टरात ‘रामजी’, फेरफारात (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीत) ‘रामा बिन तुका’. वय एका कागदावर ३५, तर दुसऱ्या कागदावरून हिशेब केला की ५५. मग सोयीचा कागद वर ठेवला जातो आणि बाकीचे फाइलच्या तळाशी जातात. पुढे कधीतरी दुसऱ्याच घरातला माणूस आपल्या वंशावळीत बसलेला निघतो, आणि तोवर त्या वंशावळीवर तीन चुलत घरांनी सह्या केलेल्या असतात.

नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. माणूस ओळखायचा तो बाप, आजा, गाव आणि जमीन या चार गोष्टी एकत्र धरून. खालचा क्रम त्यासाठी आहे. मधली पायरी गाळली की पुढच्या पायरीवर चूक हमखास होते.

सूचना: जनगणनेत पणजोबांचं नाव शोधण्यात वेळ घालवू नका. जनगणनेचे अहवाल आणि जुनी गॅझेटियर यांत गावाची, तालुक्याची, जातीची संख्या असते. व्यक्तीची नोंद नसते. घरोघरी भरलेल्या जनगणना पत्रकांबाबत तर १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ स्पष्ट आहे: ती तपासणीला खुली नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. ब्रिटन किंवा अमेरिकेत कुटुंबाचा शोध जनगणनेच्या कागदांवरून घेतात. आपल्याकडे ते काम गाव दप्तर करतं.

## १. कचेरीत जाण्यापूर्वीची तयारी

वहीचं एक पान घ्या आणि पाच रकाने आखा: नोंदीचं वर्ष, कागदाचं नाव व पान क्रमांक, नाव जसं लिहिलंय तसं, वय किंवा तारीख, माहिती कोणी दिली. पुढचं सगळं काम या तक्त्यावर चालेल.

मग घरातलं जमवा. म्हाताऱ्या माणसांना ‘पणजोबांचं नाव काय’ एवढंच विचारू नका. त्यांना घरी काय म्हणत, भावकीत काय म्हणत, शेताला काय नाव होतं, शेजारचं शेत कोणाचं, आजीचं माहेर कुठलं, हे विचारा. दगडू, धोंडू, केरू ही नावं पुष्कळदा आधीची मुलं दगावल्यावर ठेवलेली असत. तोच मुलगा शाळेत पांडुरंग म्हणून दाखल झालेला असू शकतो. शेताचं नाव तर सोन्याच्या मोलाचं. ‘आंब्याची पट्टी’ किंवा ‘वडाचं शेत’ ओळखणारा माणूस सर्व्हे नंबरापर्यंत पोचवतो.

तिसरं, गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात आणि जिल्ह्यात होतं ते लिहा. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून निघाला. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ चे, नंदुरबार आणि वाशिम १९९८ चे, हिंगोली १९९९ चा, पालघर २०१४ चा. जुनं दप्तर नव्या ठिकाणी पूर्ण हललेलं असेलच असं नाही. गाव कोयनेत किंवा उजनीत गेलं असेल, तर शोध जुन्या गावठाणाच्या नावाने घ्यायचा. पुनर्वसित गावात तुमची पहिली नोंदच उशिराची असते.

तपासा: पणजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव आणि निदान एका शेताचा ठावठिकाणा हाती आहे का? नसेल तर अजून दोन घरं फिरा.

## २. कागद काढण्याचा क्रम

लोक थेट शंभर वर्षं मागे उडी मारतात आणि मग मधला धागा सापडत नाही. आजपासून मागे चला.

पहिला कागद आजचा सात-बारा. त्यावर गट नंबर असेल. एकत्रीकरण योजना (विखुरलेले तुकडे जोडून गट पाडण्याची) झालेल्या गावात गटावरून जुना सर्व्हे नंबर कळण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा तक्ता, म्हणजे ९(३), ९(४) चा उतारा काढा. ही पायरी न करता आजचा गट ४७ आणि जुना सर्व्हे ४७ एकच धरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्यांचा एकमेकांशी बहुधा काही संबंध नसतो.

दुसरा कागद जुन्या सर्व्हे नंबराचा सात-बारा, शक्यतो १९५० च्या दशकापासूनचा. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक, विदर्भात त्याच वर्षांचा अधिकार अभिलेख आणि त्यामागे बंदोबस्त मिसल (जमिनीचा सारा ठरवतानाचे जुने कागद). खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात किंवा कंसात जे आकडे दिसतात ते फेरफार क्रमांक. सगळेच्या सगळे लिहून घ्या, कंसात टाकून कमी केलेल्या नावांसकट.

तिसरे कागद ते फेरफार (गाव नमुना ६, जुन्या बोलीत ‘सहा-ड’) आणि वारस नोंदवही (६-क). वंशावळ खऱ्या अर्थाने इथेच असते.

यानंतर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक: जन्म-मृत्यूच्या नोंदी. मग शाळेचं जनरल रजिस्टर. शेवटी दुय्यम निबंधकांकडची जुनी खरेदीखतं, गहाणखतं आणि त्यांच्या सूची.

कोतवाल बुक चौथ्या जागी ठेवलंय त्याला कारण आहे. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव एवढंच असतं. फेरफारातून बाप-आजा पक्के केल्याशिवाय ती नोंद कोणाची हे ठरवता येत नाही.

सूचना: ‘अभिलेख जीर्ण आहे’ किंवा ‘उपलब्ध नाही’ हे तोंडी ऐकून परत फिरू नका. नकलेचा अर्ज करा आणि नकारही लेखी घ्या. कोणत्या वर्षांचं रजिस्टर नाही हे कळणंसुद्धा पुढच्या हिशेबात लागतं.

## ३. नोंद उतरवताना

‘रामा’ लिहिलंय तर ‘रामा’च लिहा. ‘रामचंद्र’ करू नका. आडनाव नसेल तर रकाना रिकामा ठेवा. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसतंच, नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच असतं. आपण उत्साहाने आडनाव भरतो आणि सहा महिन्यांनी ते नोंदीतच होतं असं आपल्यालाच वाटू लागतं.

फोटो पूर्ण पानाचा घ्या, शिवाय आधीचं आणि नंतरचं पान, आणि रजिस्टरचं मुखपृष्ठ. नुसत्या ओळीच्या फोटोवरून वर्षही सिद्ध होत नाही. पानावर तीन गोष्टी न्याहाळा: अनुक्रमांक सलग आहेत का, तारखा क्रमाने आहेत का, शाई आणि हस्ताक्षर मागच्या-पुढच्या ओळींसारखं आहे का. १४ मार्च आणि १९ मार्चच्या मध्ये २ जुलैची ओळ दाटीवाटीने बसवलेली असेल, तर ती नोंद तुमच्या कितीही कामाची असली तरी बाजूला ठेवा. वंशावळ जात प्रमाणपत्रासाठी असेल, तर पडताळणी करणारं दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहतं, नक्कल नव्हे.

## ४. मोडी, उर्दू आणि संक्षेप

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत आणि शब्दही तोडून लिहीत नाहीत. म्हणून लिप्यंतर करणाऱ्याकडून अक्षरशः लिप्यंतर मागा, सारांश नको. आणि त्याला अपेक्षित नाव आधी सांगू नका. ‘इथे आमचे रामजी असतील बघा’ म्हटलं की कुठलंही ‘रा’ रामजीच दिसायला लागतं. शंका असलेल्या शब्दापुढे त्याला प्रश्नचिन्ह करू द्या, आणि तेवढा शब्द दुसऱ्या जाणकाराला दाखवा. निजामाच्या राजवटीतले कागद पुष्कळदा उर्दूत, घाईच्या शिकस्त वळणात असतात. तिथेही हाच नियम.

संक्षेप चुकीचे वाचल्याने नाती उलटी होतात. बिन आणि वल्द म्हणजे चा मुलगा. कोम आणि भ्र. (भ्रतार) म्हणजे ची बायको, ‘गंगू भ्र. राघो’ ही राघोची मुलगी नव्हे, बायको. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता: नाव मुलाचं, आणि पुढचं नाव सांभाळणाऱ्याचं, जो आई, चुलता किंवा मामाही असेल. त्याला बाप समजू नका. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर.

हे शेवटचं नीट समजून घ्या, कारण घराघरातला वाद इथून सुरू होतो. बाप वारल्यावर थोरल्याचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून लागायचं आणि धाकटे भाऊ उताऱ्यावर दिसायचेच नाहीत. उताऱ्यावर नाही म्हणजे भाऊ नव्हताच, असा अर्थ त्यातून निघत नाही. तसंच मुलींचं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारात मुली सहसा नसतात. त्यावरून ‘त्यांना मुलगी नव्हती’ असं लिहू नका.

## ५. सगळ्या तारखा एका सनात आणा

शकात ७८ मिळवा. जानेवारी ते मार्चमधली, म्हणजे शक वर्ष संपत आलेलं असतानाची तारीख असेल तर ७९. शके १८२० म्हणजे १८९८-९९. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवा, त्या वर्षातल्या जानेवारीपासूनच्या तारखांना ५९१. ते वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्याने सुरू होई. म्हणजे १३५० फसली हे १९४०-४१. तक्त्यात दोन्ही सन लिहा, मूळचा पुसू नका.

फेरफारावरची तारीख ही मृत्यूची तारीख नसते, हेही इथेच लक्षात घ्या. खातेदार वारला, दोन वर्षांनी वर्दी दिली, चार महिन्यांनी नोंद मंजूर झाली, असं सर्रास चालायचं. ‘मयत होऊन किती काळ झाला’ हे मजकुरात लिहिलेलं असतं. ते वाचा.

## ६. एक माणूस की दोन?

आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवत. त्यामुळे तुकाचा रामा, रामाचा तुका आणि पुन्हा तुकाचा रामा अशी साखळी चालते. शिवाय एकाच भावकीत एकाच पिढीत दोन ‘रामा तुका’ असणंही नेहमीचं. म्हणून नाव तीन पिढ्यांचं धरायचं: स्वतः, बाप, आजा. आजा वेगळा निघाला की माणूस वेगळा. नमुना म्हणून रचलेलं एक उदाहरण पाहू. एका गावातल्या नोंदी अशा आहेत:

- १९११, कोतवाल बुक, जन्म: मुलगा, बाप रामा तुका.
- १९२३, फेरफार, सर्व्हे ४७: तुका बिन येसू मयत; वारस मुलगे रामा, वय ४०, आणि गोविंदा, वय ३२.
- १९३४, शाळा: विठ्ठल रामजी, जन्म १ जून १९२६.
- १९३८, कोतवाल बुक, मृत्यू: रामा तुका, वय ३५, ताप.
- १९५१, फेरफार, सर्व्हे ४७: रामा तुका मयत होऊन सुमारे एक वर्ष, वारस मुलगे महादू, वय ४०, आणि विठ्ठल, वय २५.

१९३८ ची नोंद खरी धरली तर रामाचा जन्म १९०३ चा. मग तो १९११ मध्ये आठ वर्षांचा असताना बाप कसा होईल? आणि १९२३ मध्ये तो ४० चा कसा? इथे दोन सोपे रस्ते दिसतात: ‘वय चुकलं असेल’ म्हणून सोडून देणं, किंवा १९३८ ही मृत्यूची तारीख म्हणून वंशावळीत टाकणं. दोन्ही चूक. वयातला दोन-पाच वर्षांचा फरक चालतो, कारण वय अंदाजाने आणि पाचाच्या, दहाच्या पटीत सांगितलं जाई. वीस वर्षांचा फरक दिसला की दुसरा माणूस शोधायचा.

तो असा शोधा. १९३८ नंतरच्या पाच-सात वर्षांचे गावातले *सगळे* वारस फेरफार वाचा, नुसते आपल्या सर्व्हेचे नकोत. समजा १९३९ चा एक फेरफार मिळाला: सर्व्हे ११२, रामा तुका हरी मयत, मूलबाळ नाही, वारस बायको सोना. १९३८ मध्ये वारलेला रामा हा: हरीचा नातू. आपला रामा येसूचा नातू.

आता आपल्या रामाचा मृत्यू शोधायचा तो १९५१ च्या फेरफाराच्या आधीच्या वर्ष-दोन वर्षांत. १९५० च्या रजिस्टरात ‘रामजी तुकाराम, वय ७०’ मिळाला, तर जन्म १८८० च्या आसपास येतो. १९२३ च्या वयावरून १८८३ येतो. तीन वर्षांचा फरक, चालण्यासारखा. १९११ च्या निनावी मुलग्याचं वय १९५१ मध्ये ४० भरतं, तोच महादू. विठ्ठलचं २५, शाळेच्या तारखेशी जुळतं. ‘रामा’, ‘रामजी’ आणि ‘रामजी तुकाराम’ एकच, हे आता नावाच्या सारखेपणावरून नव्हे, तर सर्व्हे ४७ आणि दोन मुलग्यांची वयं यांवरून ठरलं.

तपासा: दुसऱ्या माणसाची कहाणी पूर्ण होते का? त्याची जमीन, वारस आणि मृत्यू स्वतंत्रपणे लागत असतील, तरच दोन माणसं वेगळी झाली असं म्हणा.

जमीन नसलेल्या घरांना हा धागा मिळत नाही, आणि त्यांचं काम खरोखर अवघड आहे. तिथे गावठाणातल्या घराची नोंद, शाळेचं रजिस्टर आणि भावंडांच्या जन्मनोंदी यांवर भर द्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावावरून पूर्वजांची नामावळ मिळू शकते. कोल्हापूर-सांगलीकडे हेळव्यांकडेही (वंशावळी सांगणाऱ्या भटक्या समाजाकडेही) पिढ्यांची नावं असतात. पुरावा म्हणून त्यांचं वजन कमी असेल, पण कोणत्या नावाने दप्तर शोधायचं हे त्यातून कळतं.

## ७. कागदाला नव्हे, माहितीला वजन द्या

‘जुना कागद खरा’ हा नियम अर्धाच आहे. एकाच कागदातल्या सगळ्या गोष्टी सारख्या खात्रीच्या नसतात. मृत्यूच्या नोंदीत मृत्यूची तारीख भरवशाची, कारण ती त्याच दिवसांत लिहिली. तिथलं वय मात्र वर्दी देणाऱ्याचा अंदाज. शाळेच्या रजिस्टरात बापाचं नाव बरंचसं खरं, कारण मूल घरच्यांनी आणलेलं. पण १ जून ही जन्मतारीख बहुधा गुरुजींची. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला की मूल सहा वर्षांचं धरायचे, आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख घालायचे. फेरफारात नाती सगळ्यांत खात्रीची, कारण भाऊबंद समोर उभे असत आणि खोटा वारस सहसा कोणी खपवून घेत नसे.

म्हणून प्रत्येक विरोधापुढे तीन प्रश्न लिहा. माहिती कोणी दिली? त्याला ती ठाऊक असण्याचं कारण काय? घटना आणि नोंद यांत किती काळ गेला?

जातीच्या रकान्यात विरोध असेल तर आणखी जपून. आधी व्यक्ती एकच असल्याचं सहाव्या पायरीने ठरवा, मग जातीच्या नोंदी वर्षवार मांडा. जात प्रमाणपत्रासाठी इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. हवी ती नोंद आधी मिळाली म्हणून माणूस तिच्याकडे ओढत नेणं, याच कारणाने प्रकरणं कोसळतात.

## ८. बाप किंवा आडनाव बदललं असेल तेव्हा

जमीन तीच, आई तीच, पण मुलाच्या नावापुढे बाप वेगळा दिसतो, तेव्हा दत्तकाची शक्यता पाहा. दत्तकपत्र दुय्यम निबंधकांकडे, आणि जमीन असेल तर फेरफारात ‘दत्तक’ असा उल्लेख मिळतो. आई पाटाने दुसऱ्या घरी गेली असेल तर लहान मुलं सावत्र बापाच्या नावाने शाळेत जात. अशा मुलाचा मूळ बाप जुन्या गावच्या वारस फेरफारात ‘अ.पा.क. आई’ या ओळीत सापडतो.

पाटील, देशमुख, कुलकर्णी ही वतनाची नावं आडनाव म्हणून चिकटलेली असतात. थोरल्या घराचं ‘पाटील’, धाकट्याचं मूळ आडनाव, आणि मुंबईला गेलेल्याचं गावाच्या नावावरून ‘कर’, अशी एका आज्याची तीन आडनावं होतात. इथेही समाईक सर्व्हे नंबर दाखवा. आडनावाच्या चर्चेने काही सिद्ध होत नाही.

मॉरिशसला गेलेल्या मराठी घरांना एक वेगळी सोय आहे. करारबद्ध मजुरांना तिकडे क्रमांक दिलेला असे, आणि ते दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहे. नावाचं स्पेलिंग किती का बदलेना, आधी क्रमांक जुळवा.

## ९. वंशावळ लिहिताना

प्रत्येक नावाखाली आधाराचा कागद, वर्ष आणि पान क्रमांक लिहा. एकाच माणसाची वेगवेगळी नावं ‘रामा ऊर्फ रामजी’ अशी द्या, आणि ‘ऊर्फ’ कशावरून ते एका वाक्यात नोंदवा. नोंदींतला विरोध लपवू नका: ‘१९३८ च्या मृत्यूनोंदीतील रामा तुका ही वेगळी व्यक्ती, आधार सर्व्हे ११२ चा १९३९ चा फेरफार’ असं स्पष्ट लिहिलं की तपासणाऱ्याचा पहिला आक्षेप तिथेच मिटतो. ज्या दोन पिढ्यांमधला दुवा फक्त ऐकीव आहे, तिथे तुटक रेघ काढा.

वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर सही करण्यापूर्वी हा तक्ता भावकीतल्या एखाद्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याचं तुमच्याशी जमिनीवरून पटत नाही. चूक असेल तर तो पहिल्याच वाचनात बोट ठेवेल.